गडद निळे की काळे : एका छायालेखकाच्या दृष्टीचे प्रकरण

हे प्रकरण एका नावाजलेल्या छायालेखकाचे असून त्यांच्या संमतीने लिहिले आहे. नाव, चित्रपटांची नावे, नेमकी वर्षे आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. संबंधित चित्रपटाच्या निर्मिती-व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे मी यात त्रयस्थ नाही, आणि पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांतील निदान एक माझी आहे.

पार्श्वभूमी

छायालेखकांचे बालपण फोंडा तालुक्यात, देवळाच्या परिसरात गेले. उजेड-काळोखाचे पहिले धडे आपण जत्रेत गिरवले, असे ते नेहमी सांगतात. दीपस्तंभावर पणत्या लागल्या की खाली उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, उत्सवातल्या नाटकात पेट्रोमॅक्स नटाच्या एका बाजूला टांगला तर त्याचा दुसरा गाल कसा नाहीसा होतो, हे त्यांनी कॅमेरा हातात येण्याच्या कितीतरी आधी पाहून ठेवले होते. पुढे त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत, छायालेखनाचे शिक्षण घेतले, मुंबईत काही वर्षे साहाय्यक म्हणून काढली आणि तिशी उलटता उलटता स्वतंत्र काम सुरू केले. पन्नाशीनंतर ते गोव्यात परतले. सेटवर त्यांना सगळे ‘भाई’ म्हणतात.

त्यांची घडण फिल्मवर झाली, ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. ३५ मिलिमीटर फिल्मचा ४०० फुटांचा रोल सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम साडेचार मिनिटे चालतो. फिल्म महाग असे, आणि चित्रित केलेले दृश्य प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत कोणालाच दिसत नसे. त्यामुळे छायालेखक डोळ्याने अंदाज घेई, प्रकाश मोजणाऱ्या मीटरने तो पडताळून पाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला रंगतज्ज्ञ त्या अंदाजावर तिसरी नजर टाकी. एकाच माणसाच्या डोळ्यावर सारा भार टाकण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. २०१० साली अ‍ॅलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटांसाठीच्या कॅमेरा-फिल्मचे उत्पादन थांबवले, आणि आपल्याकडच्या बहुतेकांप्रमाणे त्यांनीही या काळात फिल्म सोडली. आता चित्र सेटवरच मॉनिटरवर दिसू लागले आणि रंगांचा शेवटचा निर्णय ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्रणाचे रंग जुळवण्याच्या, अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर होऊ लागला. मीटर बॅगेत राहिला. सोय वाढली हे खरे, परंतु डोळ्यावर असलेली राखण गेली, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

छायालेखन ही प्रसिद्धीची कला नव्हे. दादासाहेब फाळके पुरस्कार एखाद्या छायालेखकाला मिळण्यासाठी २००८ सालापर्यंत थांबावे लागले आणि तो व्ही. के. मूर्ती यांना मिळाला, यावरून तिची उपेक्षा पुरेशी कळते. अशा क्षेत्रात ज्याला नाव मिळते, त्याच्या शब्दाला सेटवर विलक्षण वजन येते. आमच्या छायालेखकांना राष्ट्रीय पातळीवरील सन्मान मिळाले होते, महोत्सवांत त्यांची व्याख्याने होत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुले त्यांच्यासारखी प्रकाशयोजना करण्यात भूषण मानत. या प्रकरणाच्या आदल्या वर्षी प्रदर्शित झालेल्या त्यांच्या चित्रपटातील रात्रीच्या दृश्यांत सावल्यांना एक निळसर, किंचित दुधाळ छटा होती. समीक्षकांनी तिची तारीफ केली आणि पुढे काही तरुणांच्या लघुपटांतही ती उतरली.

अडचण कशी उघड झाली

नवा चित्रपट मराठी होता. सत्तरी तालुक्यातल्या एका जुन्या घरात आणि भर पावसात चित्रीकरण करायचे होते. मृग लागला की पाऊस येणार, हे गृहीत धरून १० जूनपासूनचे वेळापत्रक आखले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस त्या घरात कॅमेऱ्याची चाचणी घेतली. मध्ये राजांगण, भोवती ओसरी आणि आत समईच्या उजेडापुरती उजळणारी माजघरे, अशी ती वास्तू होती.

वेशभूषाकार बाईंनी नायिकेसाठी दोन लुगडी आणली होती, एक काळे आणि एक गडद निळे, चंद्रकळेच्या जातीचे. माजघराच्या उजेडात दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी विचारले, “भाई, यातले कोणते?” छायालेखक म्हणाले, “दोन्ही काळीच आहेत, कोणतेही चालेल.” बाई हसल्या, कारण त्यांना ती थट्टा वाटली. पहिल्या साहाय्यकाला मात्र ती थट्टा वाटली नाही. त्याने मॉनिटरकडे पाहिले. तिथे एक लुगडे स्पष्ट निळे दिसत होते, आणि छायालेखक त्याच मॉनिटरकडे पाहत बोलले होते.

साहाय्यकाने हे मला त्या रात्री सांगितले. त्यानंतर आम्ही दोघांनी मागच्या दीड वर्षातल्या खुणा जुळवल्या. त्यांनी रात्री गाडी चालवणे सोडले होते, कारण समोरून येणाऱ्या दिव्यांना किरणे फुटतात अशी त्यांची तक्रार होती. लांबच्या चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला होता. उलट जवळचा चष्मा सुटला होता, आणि ‘या वयात बिनचष्म्याने वर्तमानपत्र वाचतो’ असे ते अभिमानाने सांगत. त्या सांगण्याने आम्ही सगळेच फसलो होतो. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होऊन पिवळा पडू लागला की त्या भिंगाची शक्ती वाढते आणि जवळचे काही काळ अधिक स्पष्ट दिसते. सुधारणा वाटते ती खरे तर मोतीबिंदू पिकत असल्याची खूण असते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पर्वरीतल्या एका नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो दिग्दर्शकांसह अनेकांच्या मनात होता. पिवळ्या भिंगातून पाहणारा माणूस सगळे चित्र निळे करून ठेवील, असे म्हणणे इतके सरळ नाही. भिंगाचा पिवळेपणा हळूहळू वाढतो, मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो, आणि पांढरे त्या माणसाला पांढरेच दिसते. शिवाय खरे दृश्य आणि पडदा दोन्ही तो त्याच डोळ्याने पाहत असतो. नुकसान होते ते अंधाऱ्या भागात. पिवळे भिंग निळा प्रकाश अडवते. भरपूर उजेडात उरलेला निळा पुरतो, पण सावलीत तो इतका थोडा पोचतो की गडद निळे आणि काळे यांतला भेद मावळतो. चित्रपटगृहाच्या पडद्यावर शुभ्र पांढऱ्याची प्रमाण तेजस्विता अवघी ४८ निट्स (निट हे तेजस्वितेचे एकक) असते, आणि रात्रीची दृश्ये तिच्याही कितीतरी खाली खेळतात. आदल्या चित्रपटाच्या वेळी ग्रेडिंगच्या खोलीत भाई सावलीतला निळा ‘दिसेपर्यंत’ वाढवत गेले होते. रंगतज्ज्ञाने नंतर मला सांगितले की त्याला ते जास्त वाटत होते, परंतु भाईंना असेच हवे असेल, असे समजून तो गप्प राहिला. त्या निळ्या सावलीला शैली म्हटले गेले, ते त्यानंतर.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय छायालेखकांनी स्वतःच मांडला, आणि तो गुप्ततेचा होता: कोणाला काही न सांगता मीटर, वेव्हफॉर्म आणि फॉल्स कलर (चित्रातली प्रकाशाची पातळी अनुक्रमे आलेखाने आणि ठरावीक रंगांनी दाखवणाऱ्या मॉनिटरवरच्या सोयी) यांच्या आधाराने चित्रीकरण उरकायचे, शस्त्रक्रिया पुढे पाहू. यंत्रे आकडा देतात आणि आकड्याला मोतीबिंदू होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण समईच्या उजेडात चेहऱ्याचा कोणता भाग काळोखात सोडायचा, हे वेव्हफॉर्म सांगत नाही. शिवाय ही गोष्ट आता तिघांना ठाऊक होती, आणि तिघांना ठाऊक असलेली गोष्ट सेटवर आठवडाभरही झाकून राहत नाही.

त्यांनी बाजूला व्हावे आणि चित्रपट पहिल्या साहाय्यकाकडे द्यावा, ही सूचना निर्मात्यांच्या बाजूने आली असती. म्हणून ती येण्याआधीच आम्ही तिचा विचार केला. साहाय्यक तयारीचा होता, पण त्याने स्वतःच ठाम नकार दिला. चित्रपट वर्षभर पुढे ढकलणे कागदावर सर्वांत निर्धोक होते. तथापि पावसाळ्यावर बेतलेला चित्रपट पुढे ढकलायचा म्हणजे पुढच्या जूनपर्यंत थांबायचे, आणि घराच्या मालकांनी वाडा दुरुस्तीला काढायचे ठरवले होते. हा पर्याय दहा मिनिटांत संपला.

उरला शस्त्रक्रियेचा पर्याय, आणि खरी चर्चा त्यातल्या तपशिलांवर झाली. दिग्दर्शकांनी क्लॉद मोनेचे उदाहरण काढले: १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान होऊनही त्याने शस्त्रक्रिया १९२३ पर्यंत लांबवली आणि मधल्या काळात त्याचे रंग पालटत गेले. छायालेखक म्हणाले, “मोने एकटा रंगवायचा. माझ्या मागे ऐंशी माणसे उभी असतात.” विषय तिथेच संपला, पण निर्मात्यांना सांगायचे हा निर्णय त्या वाक्याने झाला, असे मला वाटते.

भिंगाची निवड हा दुसरा प्रश्न होता. बहुकेंद्री भिंग बसवल्यास चष्मा बराचसा सुटतो. मात्र ते भिंग येणारा प्रकाश जवळच्या आणि लांबच्या प्रतिमांत वाटून देते, त्यामुळे छायाप्रकाशातील सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमता काहीशी घटते आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. दुसऱ्या कोणाला हा सौदा परवडेल, पण दिव्याकडे पाहूनच ज्याचे पोट भरते त्याला तो परवडणारा नव्हता. त्यांनी एककेंद्री, लांबच्या अंतराचे भिंग घेतले आणि वाचायला चष्मा कायमचा पत्करला. निळा प्रकाश थोडा गाळणारे पिवळसर भिंगही मिळते. ते तरुणपणीच्या नैसर्गिक भिंगाच्या जवळ जाते असे डॉक्टरांनी समजावले, तरी त्यांनी पारदर्शक भिंगच मागितले. ‘पिवळा पुरे झाला’ एवढेच त्यांचे कारण होते.

काय केले

मार्चच्या मध्यावर त्यांनी निर्मात्यांना बोलावून सर्व सांगितले. बैठक अवघडली, पण मोडली नाही. निर्मात्यांनी दोन अटी घातल्या: साहाय्यकाला श्रेयनामावलीत आणि मानधनात बढती द्यायची, आणि ग्रेडिंगच्या अंतिम मंजुरीवर दिग्दर्शकांचीही सही असायची. दुसरी अट त्यांना लागली, हे चेहऱ्यावर दिसले. तरी त्यांनी दोन्ही मान्य केल्या.

मार्चअखेर उजव्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरला लावायच्या, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती सरळ पार पडली. पट्टी निघाल्यावर त्यांनी प्रथम एक डोळा झाकून मग दुसरा झाकून भिंतीकडे पाहिले. डाव्या डोळ्याला भिंत जुन्या कागदासारखी पिवळट दिसत होती आणि उजव्याला चुन्यात नीळ जास्त पडल्यासारखी. हा निळेपणा अपेक्षित असतो. वर्षानुवर्षे अडलेला निळा एकदम आत येतो आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितलेले होते, परंतु सांगितलेले आणि दिसलेले यांत फरक असतो. चौथ्या दिवशी त्यांनी फेब्रुवारीच्या चाचणीचे चित्रण मागवले, ते सगळे निळे पडले आहे असे ठरवले, आणि रंगतज्ज्ञाला फोन करून संपूर्ण रंगयोजना उबदार करायला सांगितली.

या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण मला हाच वाटतो. पहिली चूक दीड वर्षात हळूहळू झाली होती, दुसरी चार दिवसांत होऊ घातली होती, आणि दोन्ही वेळा ते तितक्याच खात्रीने बोलत होते. यावेळी रंगतज्ज्ञ गप्प बसला नाही. “भाई, सहा आठवडे थांबूया. तोपर्यंत तुमचा आणि माझा, दोघांचाही शब्द धरायचा नाही, तक्ता धरायचा,” असे तो म्हणाला. तक्ता म्हणजे चोवीस रंगचौकटींचा प्रमाण-तक्ता. पुढे प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला हा तक्ता आणि राखाडी कार्ड चित्रित करण्याचा नियम झाला, तो या संभाषणातून.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया एप्रिलच्या मध्यात व्हायची होती. छायालेखकांनी ती ऑगस्टपर्यंत पुढे ढकलली. एका डोळ्याने दगा दिला असे वाटत असताना दुसरा, निदान ओळखीचा, डोळा हाताशी असावा, असे त्यांचे म्हणणे होते. कोणीही जोर धरला नाही. मीही धरला नाही, कारण वेळापत्रक माझ्या हाती होते आणि एप्रिलमधल्या स्थळपाहणीच्या तारखा मला मोडायच्या नव्हत्या.

चित्रीकरण ठरल्याप्रमाणे सुरू झाले. मीटर बॅगेतून बाहेर आला आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात राहिला. राजांगणावर त्यांनी पांढरे कापड ताणले आणि दिवे थेट न लावता कापडावर मारून प्रकाश खाली आणला. ही पद्धत आपल्याकडे सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांच्यापासून चालत आलेली आहे. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी बनारसमधल्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले तेव्हा त्यांनी असेच कापडावरून प्रकाश परतवून आकाशाचा आभास निर्माण केला होता. सावलीतल्या निळ्याबाबत साहाय्यकाला नकाराचा अधिकार दिला होता. त्याने तो अठ्ठावीस दिवसांत पाच वेळा वापरला, आणि त्यातल्या दोन वेळा तोच चुकला होता, हेही नोंदवले पाहिजे.

डाव्या डोळ्याच्या विलंबाची किंमत वेगळ्याच ठिकाणी चुकवावी लागली. एका डोळ्याला लांबचे स्वच्छ आणि दुसऱ्याला जवळचे, अशा अवस्थेत दोन प्रतिमा नीट जुळत नाहीत आणि अंतराचा अंदाज चुकतो. दुसऱ्या आठवड्यात, पावसाने निसरड्या झालेल्या राजांगणाच्या पायरीवरून ते घसरले आणि मनगट मुरगळले. हातातला कॅमेरा त्यानंतर साहाय्यकानेच चालवला. जत्रेच्या रात्रीचे दृश्य, ज्यासाठी त्यांनी हा चित्रपट स्वीकारला होता, त्यांना खुर्चीवर बसून पाहावे लागले.

निष्पत्ती

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झाली. मार्चचा अनुभव ध्यानात घेऊन ग्रेडिंग त्यानंतर आठ आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मुंबईत सुरू केले. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या पणजीच्या इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, प्रवेशिका पाठवण्याची मुदत टळली. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात होतो, आणि आपल्या माणसांसमोर आपल्या पावसाचा चित्रपट दाखवण्याची सर्वांची इच्छा होती. निर्मात्यांची नाराजी रास्त होती.

चित्रपट पुढच्या वर्षी लागला. माजघरांतल्या सावल्या काळ्या आहेत आणि नायिकेचे लुगडे त्या काळ्यात निळे दिसते, अगदी किंचित, पाहणाऱ्याने पाहिले तर. एका परीक्षणात ‘छायालेखकाने आपली ओळखीची शैली सोडली’ असे लिहून आले. ते त्यांनी आम्हाला हसत वाचून दाखवले, नव्या जवळच्या चष्म्याने. साहाय्यकाला त्यानंतर स्वतंत्र काम मिळाले.

काय वेगळे करता आले असते

डावा डोळा एप्रिलमध्येच व्हायला हवा होता. १० जूनपर्यंत आठ आठवडे मिळत होते, दोन्ही डोळे एकत्र स्थिरावले असते, पडणे बहुधा टळले असते, आणि ग्रेडिंग सप्टेंबरमध्ये सुरू होऊन महोत्सवाची मुदतही कदाचित साधली असती. ओळखीचा डोळा राखण्याची त्यांची भीती समजण्यासारखी होती, परंतु तिचे उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवे होते. आम्ही तिला त्यांची मर्जी मानून मोकळे झालो. स्थळपाहणी साहाय्यकाला करता आली असती. तारखा जपण्याची चूक माझी.

त्याहून मोठी चूक दीड वर्ष आधीची आहे. रंगतज्ज्ञाला शंका आली होती, वेशभूषेतल्या कोणालाही निळ्या-काळ्याचा घोळ विचारता आला असता, आणि गाडी न चालवण्याचे कारण तर आम्हा सर्वांना माहीत होते. ज्या माणसाचा डोळा हेच त्याचे भांडवल, त्याची नेत्रतपासणी कॅमेऱ्याच्या भिंगांच्या तपासणीइतकीही नियमित नव्हती. भिंगे आम्ही प्रत्येक चित्रपटाआधी तक्त्यावर तपासतो. आता पन्नाशी ओलांडलेल्या छायालेखकांना करारावेळी तपासणीचा अहवाल मागावा का, यावर आमच्यात अजून एकमत नाही; स्वतः छायालेखकांना तो अपमान वाटत नाही, पण त्यांच्या पिढीतल्या दोघांना वाटतो.

एक निर्णय शिल्लक राहिला होता. निळ्या सावल्यांच्या आदल्या चित्रपटाची नवी प्रत एका ओटीटी मंचासाठी तयार व्हायची होती, आणि हवे तर रंग दुरुस्त करा, अशी मुभा निर्मात्यांनी दिली होती. छायालेखक आणि रंगतज्ज्ञ पहिली वीस मिनिटे दुरुस्त करून बसले. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शक बाईंनी दोन्ही प्रती पाहिल्या आणि जुनीच ठेवायला सांगितली. लोकांनी हाच चित्रपट पाहिला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. दुरुस्त केलेली वीस मिनिटे छायालेखकांच्या घरी एका हार्ड डिस्कवर आहेत. कार्यशाळेत एखाद्या मुलाने रात्रीच्या दृश्यात सावली निळी करून आणली, की ते त्याला ती का केली एवढेच विचारतात, आणि मुलगा बहुतेक वेळा त्यांच्याच चित्रपटाचे नाव घेतो.